ॲबर्डीनचे पाद्री आणि डेव्हिड ह्यूम

८ जानेवारी १६९७ या दिवशी एडिंबरा आणि लीथ बंदर यांच्या मधल्या वाटेवर टॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी देण्यात आली. गुन्हा ईश्वरनिंदेचा. बायबल म्हणजे रचलेल्या भाकडकथा, ख्रिस्त जादू शिकून आला होता, असं तो बोलल्याची साक्ष त्याच्याच सोबत्यांनी दिली. पोराने चूक कबूल केली, दयेचा अर्ज केला. पण त्याच दिवसांत भरलेल्या स्कॉटिश चर्चच्या महासभेने अधर्म बोलणाऱ्यांवर कायदा कडकपणे चालवावा असाच आग्रह धरला. ब्रिटनमध्ये ईश्वरनिंदेसाठी दिली गेलेली ही शेवटची फाशी.

चौदा वर्षांनी त्याच एडिंबरात डेव्हिड ह्यूम जन्मला. एकनहेड जे चारचौघांत बोलला त्याहून कितीतरी खोल जाणारं ह्यूमने छापून विकलं, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी तो आपल्या घरी आजारपणाने गेला. त्याच्या जवळच्या मित्रांत कित्येक पाद्री होते. त्याला सर्वांत नेटकं उत्तर देणाराही पाद्रीच होता, आणि त्या उत्तराचं हस्तलिखित छापखान्यात जाण्याआधी ह्यूमच्या हातात पोचलं होतं. एका कर्मठ देशात दोन-तीन पिढ्यांत एवढा पालट झाला. त्याचं श्रेय बरेचदा एकट्या ह्यूमच्या धिटाईला दिलं जातं. त्याला उत्तरं देणाऱ्यांचा वाटा त्यात निम्म्याने तरी आहे.

ह्यूमला नास्तिक म्हणायचं का, यावर त्याच्या हयातीतच वाद होता. लोक त्याला ‘महान पाखंडी’ म्हणत. तो स्वतः तसं म्हणवून घेत नसे. पॅरिसमध्ये बॅरन दॉलबाकच्या पंगतीला बसला असता तो म्हणाला की खराखुरा नास्तिक आपण अजून पाहिलेला नाही. यजमानाने त्याला सांगितलं, मोजून घ्या, इथे अठरा जण आहोत. पंधरा नास्तिक, तिघांचं अजून ठरायचं आहे. फ्रेंच विचारवंत दिदेरोने नोंदवून ठेवलेली ही हकिकत ह्यूमचं स्थान चांगलं दाखवते. स्कॉटलंडमध्ये तो फार पुढे गेलेला वाटे, पॅरिसमध्ये फार मागे राहिलेला.

ज्या युक्तिवादाने तो सर्वांत जास्त गाजला, तो सुचला जेझुइट या कॅथलिक साधूंच्या एका महाविद्यालयाच्या ओवरीत. १७३५ ते १७३७ या काळात ह्यूम फ्रान्समधल्या ला फ्लेश या गावी राहून आपलं पहिलं मोठं पुस्तक लिहीत होता. तिथल्या एका विद्वान जेझुइटाबरोबर फेऱ्या मारताना त्या साधूने आपल्या मठात नुकत्याच घडलेल्या एका चमत्काराची हकिकत सांगितली. ह्यूमने तिथल्या तिथे प्रतिवाद उभा केला. जेझुइट गोंधळला, पण थोड्या वेळाने म्हणाला की हा युक्तिवाद बरोबर असणं शक्यच नाही, कारण तो जितका आमच्या चमत्कारांना लागू पडतो तितकाच शुभवर्तमानालाही पडेल. ह्यूमने हे उत्तर पुरेसं मानून घेतलं, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलं आहे. मात्र पुस्तक छापताना त्याने हा भाग गाळला. जोसेफ बटलर या पाद्र्याचं धर्माच्या समर्थनाचं भारदस्त पुस्तक १७३६ साली आलं होतं, आणि आपलं लेखन बटलरने वाचावं अशी ह्यूमची इच्छा होती. त्याला न दुखावण्यासाठी आपण ग्रंथाचे उत्तम अवयव कापून टाकत आहोत, असं त्याने एका नातलग मित्राला कळवलं.

गाळलेला भाग १७४८ साली ‘चमत्कारांविषयी’ या प्रकरणाच्या रूपाने बाहेर आला. सारं प्रकरण वीस-पंचवीस पानांचं. मुद्दा असा: शहाणा माणूस पुरावा पाहून विश्वास ठेवतो. निसर्गाचे नियम आजवरच्या एकसारख्या अनुभवावर उभे आहेत. चमत्कार म्हणजे त्या नियमाचा भंग. म्हणजे त्याच्याविरुद्ध सगळा अनुभव आणि त्याच्या बाजूने फक्त काही माणसांची साक्ष. ती साक्ष खोटी असणं हाच चमत्काराहून मोठा चमत्कार ठरेल, तेव्हाच ती मानावी. शिवाय प्रत्येक धर्म आपापले चमत्कार पुढे करतो, आणि ते एकमेकांचा पाया काढून घेतात.

याच प्रकरणात एक हिंदुस्थानी राजा येतो. पाणी थंडीने गोठून घट्ट होतं हे त्याला कुणीतरी सांगतं आणि तो विश्वास ठेवत नाही. हा दाखला जुना होता. त्याआधी जॉन लॉकने सयामच्या राजाची गोष्ट लिहिली होती: डच वकील सांगतो, आमच्याकडे हिवाळ्यात पाणी इतकं कठीण होतं की त्यावर हत्तीदेखील उभा राहील, आणि राजा म्हणतो, आता मात्र तू खोटं बोलतोस हे नक्की. उष्ण देशातल्या राजाचा उल्लेख बटलरनेही केला होता. ह्यूमने म्हटलं की राजाने अविश्वास दाखवला तो बरोबरच होता. इथे त्याच्या टीकाकारांना भिंतीतली फट दिसली. राजाचा विचार बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा, असं असेल तर ज्याला अनुभव कमी त्याने खरी गोष्टही नाकारावी असा नियम होतो. ह्यूमने तळटीप जोडून खुलासा केला. तो पुरेसा आहे असं सर्वांना वाटलं नाही, आणि त्यांचं न पटणं रास्त होतं.

चर्चमधल्या कडव्या गटाने आधी जुनीच वाट धरली. १७४५ साली एडिंबरा विद्यापीठात नीतिशास्त्राची जागा रिकामी होती. पाद्र्यांच्या विरोधामुळे ती ह्यूमला मिळाली नाही. १७५२ च्या सुमारास ग्लासगोची जागाही हुकली. १७५५ आणि १७५६ साली तर महासभेत त्याला समोर बोलावून दोषी ठरवावं अशी खटपट झाली. ती मोडून काढली ती पाद्र्यांनीच. ह्यू ब्लेअर, विल्यम रॉबर्टसन, अलेक्झांडर कार्लाइल ही मवाळ गटातली मंडळी ह्यूमच्या बाजूने उभी राहिली. यांच्यापैकी कुणालाही ह्यूमची मतं मान्य नव्हती. पण कॅननगेटमधल्या त्याच्या घरी रात्रीच्या जेवणाला ते जात, आणि छापील पुस्तकाला चौकशी समितीने उत्तर देता येत नाही हे त्यांना कळत होतं.

आता पुस्तकाने उत्तर देण्याची पाळी आली. पहिलं सभ्य उत्तर १७५२ साली विल्यम ॲडम्स या इंग्लिश पाद्र्याने दिलं. पुढे लंडनमध्ये एका जेवणात दोघांची गाठ पडली, तेव्हा ह्यूमने हात मिळवून, माझ्या लायकीपेक्षा तुम्ही मला बरंच वागवलंत, असं सांगितलं. दोघांचं येणंजाणंही सुरू झालं. पण खरं काम झालं ते उत्तरेला, ॲबर्डीनमध्ये.

समुद्राकाठच्या या थंड, करड्या ग्रॅनाइटच्या शहरात तेव्हा दोन स्वतंत्र महाविद्यालयं होती, किंग्ज आणि मारिशल. १७५८ साली दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी आणि पाद्र्यांनी मिळून एक तत्त्वज्ञान मंडळ काढलं. गावकरी त्याला ‘शहाण्यांचा क्लब’ म्हणू लागले. पंधरवड्यातून एकदा खानावळीत जमायचं, कुणीतरी निबंध वाचायचा, किंवा आधी ठरवलेल्या प्रश्नावर चर्चा करायची, असा रिवाज. टॉमस रीड, जॉर्ज कॅम्पबेल, अलेक्झांडर जेरार्ड, वैद्यकाचे जॉन ग्रेगरी, पुढे जेम्स बीटी, असे लोक त्यात होते. १७६३ च्या मार्चमध्ये रीडने ह्यूमला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की आम्ही सगळे भले ख्रिस्ती असलो तरी धर्ममताचा कट्टर रक्षक संत अथनेशियस याच्यापेक्षा तुमची सोबत आम्हाला जास्त आवडेल. तुम्ही न्यायासनावर बसायला येत नाही म्हणून तुम्हालाच वारंवार आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. तुमच्यावर आरोप होतात, तुमचा बचावही होतो, मोठ्या हिरिरीने पण कडवटपणा न येऊ देता. तुम्ही लिहायचं थांबवलंत तर आमच्याकडे विषयच उरणार नाहीत. एकनहेडच्या फाशीला तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती.

जॉर्ज कॅम्पबेल १७५९ पासून मारिशल महाविद्यालयाचा प्राचार्य होता. १७६० साली ॲबर्डीनच्या धर्मपरिषदेपुढे त्याने चमत्कारांवर प्रवचन दिलं आणि त्याचंच वाढवून पुस्तक केलं. छापण्याआधी हस्तलिखित ह्यू ब्लेअरमार्फत ह्यूमकडे गेलं. ह्यूमने ते वाचून ब्लेअरला सविस्तर टिपणं पाठवली. काही ठिकाणी भाषा जास्त तिखट आहे, दहा-बारा पानांवरून मला एकदम पाखंडी लेखक ठरवू नये, अशी तक्रार केली, आणि ब्लेअरला विनंती केली की आपण भेटू तेव्हा धर्माचा विषय मुळीच काढू नये. कॅम्पबेलने टिपणं मनावर घेतली. जिथे बोचरे शब्द होते तिथे ते सौम्य केले, जिथे मुद्दा कच्चा होता तिथे पक्का केला. १७६२ साली पुस्तक आलं. ७ जूनच्या पत्रात ह्यूमने त्याचे आभार मानले. कुणालाही उत्तर द्यायचं नाही असं तरुणपणीच ठरवलं होतं, नाहीतर तुम्हाला दिलं असतं, असं कळवलं. ला फ्लेशच्या ओवरीतली हकिकत याच पत्रात आहे. म्हणजे ह्यूमने आपल्या युक्तिवादाची जन्मकथा सांगितली ती आपल्या प्रतिस्पर्ध्याला.

कॅम्पबेलचं म्हणणं काय होतं? ह्यूम म्हणतो, साक्षीवर आपण विश्वास ठेवतो कारण ती बहुधा खरी निघते हे अनुभवाने शिकलेलो असतो. कॅम्पबेल म्हणतो, उलट आहे. लहान मूल सांगितलेलं सगळं खरं मानतं. अनुभव त्याला शिकवतो तो अविश्वास. कुणावर, कधी, किती विश्वास ठेवू नये ते. माणसाच्या शब्दावरचा विश्वास अनुभवाच्या आधीचा आहे, आणि तो नसता तर मूल बोलायलाही शिकलं नसतं.

मग तो तरीचा दाखला देतो. समजा, एका नदीच्या तरीजवळ कुणी वर्षानुवर्षं राहतो. नाव कितीतरी वेळा पलीकडे गेली, तितक्याच वेळा सुखरूप परतली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. एक दिवस अनोळखी माणूस येतो आणि गंभीरपणे सांगतो की मी काठावर उभा होतो, नाव उलटली, सगळे बुडाले. ह्यूमच्या हिशेबाने त्या साऱ्या फेऱ्या एका बाजूला, एका परक्याचा शब्द दुसऱ्या बाजूला. पण कोण असा आहे जो त्या क्षणी फेऱ्या मोजत बसेल? बातमी ऐकताच काळजात धस्स होतं, आणि तसं होणंच समंजसपणाचं आहे.

कॅम्पबेलचा सर्वांत धारदार घाव मात्र तिसरा. चमत्काराविरुद्ध मनुष्यजातीचा एकसारखा अनुभव आहे, असं ह्यूम म्हणतो. पण मनुष्यजातीचा अनुभव ह्यूमला कळला कसा? त्याचा स्वतःचा अनुभव एडिंबरापासून पॅरिसपर्यंत आणि काही दशकांचा. बाकी सगळं त्याने इतरांकडून ऐकलं किंवा वाचलं, म्हणजे साक्षीनेच मिळवलं. ज्या साक्षीला तो पारड्यात तोलायला निघाला तीच दुसऱ्या पारड्यातही बसली आहे. चमत्कार घडतात हे याने सिद्ध होत नाही, पण ह्यूमचा नियम वाटतो तितका सरळ नाही हे नक्की सिद्ध होतं. रीडने १७६४ च्या आपल्या ग्रंथात याच दिशेने पुढे जाऊन म्हटलं की खरं बोलण्याचा आणि ऐकलेलं मानण्याचा कल निसर्गानेच माणसात घातला आहे. साक्ष हे ज्ञानाचं साधन म्हणून आजही तत्त्वज्ञानात अभ्यासलं जातं, त्यात रीडचं नाव अग्रभागी येतं.

लंडनजवळ न्यूइंग्टन ग्रीनला रिचर्ड प्राइस हा पाद्री होता. त्याने गणित हाती घेतलं. टॉमस बेझ हा त्याचा पाद्री मित्र १७६१ साली वारला, आणि त्याच्या कागदांत संभाव्यतेवरचा एक अप्रकाशित निबंध सापडला. प्राइसने तो नीट करून १७६३ च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीपुढे वाचून घेतला. आज वैद्यकीय चाचण्यांपासून संगणकापर्यंत ज्याचं नाव चालतं ते बेझचं सूत्र जगाला मिळालं ते इथून. चार वर्षांनी प्राइसने चमत्कारांवर ह्यूमला उत्तर लिहिलं तेव्हा हीच पद्धत वापरली. वर्तमानपत्रात सोडतीचा निकाल येतो. तोच नंबर निघण्याची शक्यता आधी लाखात एक होती; वर्तमानपत्र चुका करतं ते त्याहून पुष्कळ वेळा. ह्यूमचा नियम लावला तर सोडतीची कुठलीच बातमी मानता येणार नाही, आणि आपण तर ती न बिचकता मानतो. ह्यूमने प्राइसला लिहिलं की तुम्ही टाकलेला प्रकाश नवा आणि कल्पक आहे, कदाचित भक्कमही असेल. तुमच्या सौजन्याबद्दल आभार. प्राइसने १७६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत काही शब्द आणखी सौम्य केले.

सगळेच असे नव्हते. ॲबर्डीनच्याच जेम्स बीटीने १७७० साली सत्याच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला आणि त्यात ह्यूमची सालटी काढली. विचाराची खोली बेताची, आवेश मोठा. त्यामुळे पुस्तक तुफान खपलं. राजाने वर्षाला दोनशे पौंडांचं मानधन दिलं, ऑक्सफर्डने पदवी दिली, आणि जोशुआ रेनल्ड्ससारख्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं: बीटी झगा घालून, पुस्तक काखेत धरून उभा आहे, आणि मागे एक देवदूत तीन पाखंड्यांना खाली ढकलतो आहे. त्यातला एक व्हॉल्टेअर. दुसरा ह्यूम असल्याचं मानतात. ह्यूमसारखा शांत माणूसही बीटीचं नाव निघालं की चिडायचा.

पण या ग्रंथातली काही पानं कॅम्पबेल आणि रीड यांच्याही कामापेक्षा मोठी आहेत. राष्ट्रांच्या स्वभावावरच्या निबंधाला ह्यूमने १७५३ साली एक तळटीप जोडली होती, काळे लोक जन्मतःच गोऱ्यांपेक्षा हीन आहेत असं सुचवणारी. सुसंस्कृत मित्रांपैकी कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. बीटीने काढला. मेक्सिको आणि पेरूची साम्राज्यं कुणी उभारली, असं त्याने विचारलं. शोध लावणारे युरोपातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, मग त्यांचं श्रेय सगळ्या गोऱ्यांना कसं? दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांबद्दलही कुणी हेच म्हणू शकलं असतं. गुलामाला शिकायची संधी नाकारायची आणि मग त्याला अडाणी म्हणायचं, यातली लबाडी त्याने उघडी पाडली. पुढे एडिंबरा विद्यापीठाने, ज्याने १७४५ साली ह्यूमला जागा नाकारली होती त्यानेच, एका उंच इमारतीला त्याचं नाव दिलं. २०२० साली याच तळटीपेमुळे ते काढून टाकलं. बीटीने ती १७७० मध्येच पकडली होती.

आणखी एक उत्तर आलं ते वेगळ्याच वाटेने. प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा योहान गेऑर्ग हामान १७५८ साली लंडनमध्ये बायबल वाचता वाचता कट्टर ख्रिस्ती झाला. पुढच्या वर्षी त्याने आपला मित्र इमॅन्युएल कांट याला कळवलं की अंडं खायचं आणि पेलाभर पाणी प्यायचं तर या ह्यूमलाही श्रद्धाच लागते. ह्यूमनेच दाखवलं होतं की उद्याही सूर्य उगवेल हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही. हामानने त्याचा पराभव करायचा प्रयत्नच केला नाही. त्याला आपल्या बाजूला ओढून घेतलं. बुद्धीचे पाय इतके लटके असतील तर श्रद्धेला तिच्यापुढे हिशेब द्यायचं कारण नाही, असं त्याचं म्हणणं. डॅनिश विचारवंत किर्केगॉर्द पुढे हामानला फार मानत असे.

१७७६ च्या ७ जुलैला, रविवारी, जेम्स बॉसवेल मरणाच्या दारात असलेल्या ह्यूमला भेटायला गेला. आता तरी परलोकाचं भय वाटतं का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. ह्यूम हसतखेळत बोलला, आणि मरणानंतर काही उरतं ही कल्पनाच अवास्तव आहे म्हणाला. बॉसवेल घाबरून बाहेर पडला. २५ ऑगस्टला ह्यूम गेला. त्याचा मित्र ॲडम स्मिथ याने त्याच्या अखेरच्या दिवसांवर एक छोटं पत्र छापलं, त्यात त्याला माणसाला शक्य तितका शहाणा आणि सद्गुणी म्हटलं. लगेच ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयाच्या जॉर्ज हॉर्नने निनावी पुस्तिकेतून स्मिथला झोडपलं. स्मिथ पुढे म्हणाला की ब्रिटनच्या सगळ्या व्यापारपद्धतीवर आपण जो कडक हल्ला चढवला त्यापेक्षा दसपट शिव्या त्या एका निरुपद्रवी पत्राने मिळवून दिल्या. मित्राच्या मरणावर चालून जाणं हे हॉर्नचं काम कॅम्पबेलच्या पासंगालाही लागत नाही.

उत्तरं पुढेही येत राहिली. विल्यम पेली या इंग्लिश पाद्र्याने १७९४ साली बारा साक्षीदारांचा दाखला दिला: ज्यांची सचोटी आपण वर्षानुवर्षं ओळखतो असे बारा जण एकच गोष्ट सांगतात आणि मरणाची धमकी देऊनही ती मागे घेत नाहीत, तर काय कराल? ते पुस्तक केंब्रिजमध्ये शंभर वर्षं परीक्षेला होतं. १८१९ साली रिचर्ड व्हेटलीने ह्यूमचेच निकष लावून दाखवून दिलं की नेपोलियन नावाचा माणूस झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नेपोलियन तेव्हा सेंट हेलिना बेटावर जिवंत होता.

याच काळात हा वाद हिंदुस्थानात पोचला. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला तरुण शिक्षक डेरोझिओ याच्यावर मुलांना नास्तिक केल्याचा ठपका आला. १८३१ च्या एप्रिलमध्ये त्याने खुलाशाचं पत्र लिहिलं: हो, ह्यूमचे ईश्वरविषयक संवाद मी मुलांना समजावले, पण रीड आणि त्याचा अनुयायी ड्यूगल्ड स्टुअर्ट यांनी ह्यूमला दिलेली जास्त कुशाग्र उत्तरंही दिली, आणि ती आजवर कुणी खोडलेली नाहीत. नोकरी तरीही गेली.

मुंबईत १८२९ साली जॉन विल्सन उतरला होता. ह्यूमचं घराणं स्कॉटलंडच्या ज्या बर्विकशर परगण्यातलं, तिथल्याच लॉडर गावचा हा पाद्री, एडिंबरा विद्यापीठात शिकलेला. पुढे विल्सन कॉलेज ज्याच्या नावाने ओळखलं गेलं तो हाच. त्याने मराठी शिकून शास्त्री-पंडितांना जाहीर वादाचं आव्हान दिलं. इथे त्याच्यासमोर संशयवादी उभा नव्हता, दुसऱ्या धर्माचा श्रद्धावान उभा होता. आणि प्रत्येक धर्माचे चमत्कार एकमेकांना खोडतात, हा ह्यूमचा मुद्दा अशा सभेत पुस्तकी राहत नाही. पुराणांतले चमत्कार भाकड आणि बायबलातले खरे, तर कोणत्या मापाने, हे सांगणं भाग पडतं. १८३१ साली मोरभट दांडेकरांशी त्याचा वाद झाला आणि दांडेकरांनी आपली बाजू ‘श्री हिंदुधर्मस्थापना’ म्हणून मराठीत छापली. विल्सनने १८३२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मग साताऱ्याच्या नारायणरावांनी त्याला उत्तर दिलं, आणि १८३४ साली विल्सनने त्यावरही दुसरं पुस्तक काढलं.